लिव्हर अजून उजवीकडे आहे

मामांच्या बंदुकीतून शेवटचा बार कधी निघाला, हे गावात कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण ती बंद कशी करायची, हे शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. अंगठा लिव्हरवर ठेवायचा, लिव्हर उजवीकडे धरून नळ्या वर आणायच्या, त्या बसल्या की अंगठा हळूच सोडायचा. खट्ट असा आवाज आला तर तुम्ही नापास. आवाज आलाच नाही तरी नापास, कारण मग खटका पुरता बसलेला नाही. मामांना जो आवाज हवा असतो तो या दोहोंच्या मधला आहे, आणि तो आजवर फक्त मामांनाच काढता आलेला आहे.

नात्यानं ते माझ्या बायकोचे मामा. म्हणजे मी भाचेजावई. "या जावईबापू" म्हणून स्वागत होतं, पाण्याचा तांब्या येतो, आणि चहा व्हायच्या आत पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढली जाते. घर दासवे गावाच्या वरच्या अंगाला. ओसरीवरून खाली पाहिलं की लवासातली ती पिवळी, केशरी, विटकरी इटालियन घरं दिसतात, तळ्याकाठचा फरसबंद रस्ता दिसतो, आणि रविवार असेल तर त्या रस्त्यावर फोटो काढत उभं असलेलं निम्मं पिंपरी-चिंचवड दिसतं. पाहुण्याला ते बघायचं असतं. मामा त्याला त्या देखाव्याकडे पाठ करून बसवतात. "ते काय पळून जात नाय. हिकडं बघा."

दुनळीचा परवाना असलेला असा एक म्हातारा मावळ-मुळशीच्या बहुतेक प्रत्येक खोऱ्यात सापडतो. परवान्याचं पुस्तक दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वर रबरबँड लावून ठेवलेलं असतं. त्यावर शस्त्राच्या रकान्यात 'डीबीबीएल' असं लिहिलेलं असतं, आणि ही चार अक्षरं तो एमबीबीएसच्या थाटात उच्चारतो. मुलीच्या लग्नपत्रिकेत आपल्या नावाखाली 'शस्त्र परवानाधारक' छापावं असं मामांच्या फार मनात होतं. मामींनी ते हाणून पाडलं. "सोयरे यायचे ते पळून जातील," एवढंच त्या म्हणाल्या.

बंदूक बर्मिंगहॅमची, मामांच्या आजोबांच्या वेळची. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची सोय राहिली नव्हती, त्यामुळे मोसे खोऱ्यातल्या एका घरात दुनळी असणं म्हणजे केवढी गोष्ट, ते वेगळं सांगायला नको. कुणा साहेबानं ती खूश होऊन बक्षीस दिली, असं मामा सांगतात. ती एका दुभत्या म्हशीच्या बदल्यात आली, असं मामी सांगतात, आणि म्हशीचं नावही सांगतात. त्यामुळे मला मामींचं खरं वाटतं.

ट्रंकेतून जुन्या धोतराची गुंडाळी निघते. तिच्यात तीन भाग. दस्ता, नळ्या, आणि नळ्यांखाली बसणारं पुढचं लाकूड. रिकामी आहे हे तीन जणांना दाखवल्याशिवाय जोडणी सुरू होत नाही, आणि तिसरा माणूस घरात नसेल तर शेजारून बोलावला जातो. मग नव्या माणसाला पहिला प्रश्न: "बारा बोअर म्हंजे काय?" बहुतेक जण बारा मिलिमीटर म्हणतात आणि मामांचा दिवस सार्थकी लागतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. मिलिमीटरमध्ये साडेअठरा. "बारा नाय, साडेअठरा!" असं म्हणून ते मामींकडे बघतात. मामी हे सगळं लग्न झाल्यापासून ऐकत आल्या आहेत. त्या पोह्यांवर खोबरं घालत असतात.

खरा विषय नंतर सुरू होतो. नळ्यांच्या पोटाखाली पोलादाचे दोन दात आहेत. पुढच्या दाताला पुढून अर्धगोल खोबण. ती दस्त्याकडच्या आडव्या पिनेवर बसते आणि नळ्या तिच्याभोवती फिरतात. दोन्ही दातांच्या मागच्या अंगाला एकेक खाच. नळ्या मिटल्या की आतली एक चपटी पट्टी स्प्रिंगच्या जोरानं पुढे सरकते आणि दोन्ही खाचांत एकदम शिरते. वरची लिव्हर अंगठ्यानं उजवीकडे ढकलली की पट्टी मागे येते, दात सुटतात, नळ्या खाली वाकतात. एवढंच यंत्र. हे पटवण्यासाठी मामा तुम्हाला उठवून घराच्या जुन्या दाराशी नेतात. त्या दाराला अजून भिंतीतून ओढून काढायचा लाकडी अडणा आहे. "दार कितीबी जाड असू द्या. अडणा भिंतीत किती शिरला, ते बघायचं. बंदुकीतबी तेच, फक्त अडणा बोटभर."

ही पट्टी लंडनच्या जेम्स पर्डीनं १८६३ साली काढली. तिला वरच्या लिव्हरशी जोडणारा उभा दांडा १८६५ चा, बर्मिंगहॅमच्या स्कॉटचा. त्याच सालचा ग्रीनरचा आडवा खटकाही आहे. नळ्यांच्या मधल्या पट्टीची मागे आलेली जीभ, तिला गोल भोक, आणि त्या भोकातून डावी-उजवीकडे आरपार जाणारी गोल कांडी. हे तिघेही साहेब मामांच्या बोलण्यात थोरले चुलते असावेत तसे येतात. नातू शाळेतल्या इतिहासाची उजळणी करत होता. १८५७ झालं, १८५८ चा राणीचा जाहीरनामा झाला. मामांनी वाट बघितली आणि मग विचारलं, "अन् त्रेसष्ट?" नातवानं पुस्तक उलटंपालटं केलं. त्रेसष्ट नव्हतं. "पासष्ट?" पासष्टही नव्हतं. शिक्षण खातं कुठे चाललंय यावर मग अर्धा तास गेला.

मामांच्या बंदुकीला पर्डीची पट्टीही आहे आणि ग्रीनरची कांडीही. त्यामुळे इतर बंदूकवाले ज्या मुद्द्यावर एकमेकांशी भांडतात, त्यावर मामा एकटेच दोन्ही बाजूंनी भांडू शकतात. बार झाला की काडतूस मागे लाथ मारतं आणि नळ्या पुढे पळू बघतात. पण नळी वर, पिन खाली. म्हणून नळ्या नुसत्या पुढे जात नाहीत, मागच्या टोकानं वर उचलू बघतात. त्यांना धरायचं कुठं? "पर्डीनं पोटाला धरलं, ग्रीनरनं डोक्याला," मामा म्हणतात. पिनेपासून जितकं लांब धराल तितक्या कमी जोरात भागतं, म्हणून ग्रीनर हुशार. आणि पट्टी दोन खाचांत बसते, दडलेली असते, वर काही दिसत नाही, काडतूस भरताना बोटाला काही अडत नाही, म्हणून पर्डी हुशार. सकाळी मामा पर्डीच्या बाजूचे असतात. जेवण जड झालं की ग्रीनरच्या.

मग चाचणी. पुढचं लाकूड काढून टाकायचं, म्हणजे नळ्या फक्त पिन आणि पट्टीच्या भरवशावर राहतात. दस्त्याच्या मनगटाला धरून बंदूक पाहुण्याच्या कानाजवळ आणायची आणि हलकेच हलवायची.

"ऐका. काय ऐकू आलं?"

"काही नाही."

"तेच ऐकायचं!"

त्यानंतर बंदूक ट्यूबलाइटसमोर धरून नळ्यांचं मागचं टोक आणि दस्त्याकडची उभी भिंत यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसते का, ते बघायचं. पावसाळ्यात आमच्या मामांकडे वीज असतेच असं नाही, तेव्हा ही चाचणी सूर्य निघेपर्यंत पुढे ढकलली जाते. मुळशीचा पाऊस माहीत असलेल्यांना याचा अर्थ कळेल.

पण मामांच्या आयुष्याचा खरा काटा म्हणजे ती लिव्हर. नवी बंदूक मिटली की लिव्हर मधल्या रेषेच्या जराशी उजवीकडे थांबते. पट्टी निमुळती असते, खाचेत शेवटपर्यंत शिरायच्या आधीच घट्ट बसते, आणि उरलेली जागा ही पुढच्या वर्षांची शिल्लक. वापरून वापरून पोलाद घासतं, पट्टी जरा जास्त आत जाते, लिव्हर मध्यावर येते. त्यानंतर डावीकडे. डावीकडे गेलेली लिव्हर म्हणजे बंदुकीचा मिस्त्री, नवी पिन, मोठा खर्च. आणि मिस्त्री लबाड असेल तर खोबणीत घातलेली पत्र्याची चिपटी. ही चिपटी हा मामांच्या शब्दकोशातला सगळ्यात घाणेरडा शब्द आहे. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "चिपटी घातलेला माणूस."

म्हणून आपटणं हे महापाप. आपटलेली प्रत्येक वेळ त्या शिलकीतून वजा होते. आणि एकदा हे सूत्र पटलं की माणसाला जगात आपटण्याखेरीज दुसरं काही दिसत नाही. फ्रिजचं दार, डब्याचं झाकण, गोदरेजचं कपाट, संडासची कडी, सगळ्यांवर मामांचा कान असतो. आतून आवाज आला की बाहेरून हाक: "हळू! ती काय टॅक्सी हाय का?" हिंदी सिनेमातला ठाकूर एका हातानं झटका देऊन दुनळी बंद करतो, तो प्रसंग आला की मामा उठून गोठ्यात जातात. शनिवार-रविवार खाली तळ्याकाठी मोठमोठ्या गाड्यांची दारं धाडधाड मिटत असतात आणि वर ओसरीवर मामा प्रत्येक धाडीला डोळे मिटतात. लवासाविषयी त्यांची तक्रार ही एवढीच. जमिनी, धरण, बंद पडलेली कामं या विषयांवर बाकीचं गाव तावातावानं बोलतं. मामा दारांवर बोलतात.

नाही, अजून एक तक्रार आहे. हे गाव इटलीतल्या पोर्टोफिनोसारखं बांधलं, असं त्यांनी ऐकलं तेव्हा ते फार हळहळले. "त्याच इटलीत गार्डोने नावाचं गाव हाय. तिथं बेरेटाचं घराणं १५२६ सालापासून बंदुकीच्या नळ्या करतंय. नक्कल करायचीच होती तर त्याची करायची!"

पिरंगुटच्या एका बँकेत पेन्शनचं काम होतं, म्हणून मी मामांना घेऊन गेलो. दारात सुरक्षारक्षक, खांद्याला दुनळी. मामा थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि रक्षकाच्या खांद्यापाशी वाकून त्याच्या बंदुकीकडे टक लावून बघू लागले. बँकेच्या दारात उभं राहून रक्षकाच्या बंदुकीकडे इतक्या प्रेमानं बघणाऱ्या माणसाबद्दल रक्षकानं काय समजावं? तो मागे सरकला. मामा पुढे सरकले. "डावीकडं गेलीय," मामा कुजबुजले. "काय?" रक्षकानं दचकून डावीकडे पाहिलं. आतले दोन ग्राहक डावीकडे पाहू लागले. मॅनेजर बाहेर आले. मी परवान्याचं पुस्तक दोन पिशव्यांतून काढून दाखवलं, तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. निघताना मात्र तो रक्षक आमच्या मागे गाडीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "काका, ड्यूटी संपली की रोज आपटूनच बंद करायचो हो मी. आता काय करू?" मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बंदूक बाजूला ठेवून नुसत्या अंगठ्यानं हवेत कसा सराव करायचा, ते दाखवलं. दोघंही भर रस्त्यात हवेत अंगठे सोडत उभे होते.

आता कुणी म्हणेल, एवढी निगा राखलेली बंदूक कामाला तरी येते का? येते. खाचरांच्या वरच्या नाचणीत रानडुकरं उतरतात तेव्हा मामा रात्री राखणीला जातात. खांद्याला बंदूक, हातात बॅटरी, आणि मागे नातू पत्र्याचा डबा घेऊन. डुक्कर आलं की नातू डबा बडवतो. डुक्कर पळतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे असं उठून डुक्कर मारता येत नाही हे मामांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं सुतकही नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं कपाटात कुलपात आहेत. त्यांचं खोकं दाखवायला निघतं आणि परत जातं. घरच्या एका लग्नात नवऱ्यामुलाचे मित्र मागे लागले, "मामा, वरातीत एक बार होऊन जाऊ द्या!" मामांनी शांतपणे २०१९ ची कायद्यातली दुरुस्ती सांगितली. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "तुमच्या आहेराचं पाकीट केवढ्याचं हाय?" असं त्यांनी विचारल्यावर मित्र बँडवाल्यांकडे वळले.

आचारसंहिता लागली की बंदूक पौडच्या पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. लोकशाहीचा उत्साह असा की बंदूक घरी थोडी आणि पौडला फार, अशी अवस्था होते. टेमघरचा घाट उतरून मुठा-पिरंगुट करत मामा तिला गोधडीत घालून नेतात. पावती घेतात. मग ठाण्यातल्या हवालदाराला उभं करून मिटण्याची शिकवणी होते. हवालदार बदलत राहतात, त्यामुळे पोलीस खात्यातली एक अख्खी पिढी मामांच्या हाताखालून गेली आहे. मतदानाच्या दिवशी कोण निवडून येणार यावर पारावर पैजा लागतात, आणि मामा कोपऱ्यात बसून पुटपुटत असतात, "कोणी हात नसला लावला म्हंजे बरं." निकालानंतर बंदूक परत मिळाली की ठाण्याच्या पायरीवरच ती जोडतात, मिटतात, आणि वाकून लिव्हर बघतात. "अजून उजवीकडंच हाय." मग घरी मामींना फोन.

एका खंडेनवमीला मात्र वेगळंच झालं. घरात कोयते, विळे, नांगराचा फाळ, मामींची शिलाई मशीन आणि बंदूक, अशी पूजा मांडली जाते. त्या वर्षी नातवानं पूजा मनावर घेतली आणि सुट्या नळ्यांच्या पोटाखालच्या दोन्ही दातांना मनोभावे हळद-कुंकू वाहिलं, वर अक्षता. दसऱ्याला सकाळी मामांनी बंदूक जोडून मिटली आणि बघतात तर लिव्हर पूर्वीपेक्षा चांगली दोन रेघा जास्त उजवीकडे! बंदूक तरुण झाली होती. मामांनी नळीवर हात फिरवला. गावात सोनं वाटताना ते प्रत्येकाला सांगत होते, "पोलाद मुरतंय. जुनं बर्मिंगहॅम, मुरतंय!" खालच्या आळीतल्या दोघांना बोलावून दाखवलं. पेढे आणले.

पुसताना मामींना धोतराच्या फडक्यावर लाल डाग दिसला. मामांनी नळ्या उतरवल्या. मागच्या दाताच्या खाचेत शिलाई मशीनचं तेल आणि कुंकू यांचा घट्ट गोळा बसला होता, आणि त्याच्या मधोमध एक अख्खा तांदूळ. पट्टीला आत शिरायला जागाच नव्हती. ती अर्धवट अडकली होती, म्हणून लिव्हर उजवीकडे थांबली होती. अर्ध्या अडण्यावर बंदूक घरात उभी होती, या विचारानं मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग दात घासायचा ब्रश घेऊन बसले. तेव्हापासून बंदुकीची पूजा लांबून होते. झेंडूचं फूल हातभर अंतरावरून दाखवायचं आणि परत ताटात ठेवायचं. मशीनच्या तेलाचा हिशेब मामी वेगळा मागतात, तो विषय अजून मिटलेला नाही.

हल्ली मामांना वारसाची काळजी लागली आहे. सत्तरी गाठली, किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगून झालं, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो, अशी तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. मामांच्या दोन्ही अटी कधीच पुऱ्या झाल्या. प्रश्न माणसाचा. थोरला हिंजवडीत असतो. तो अंगणात गाडी लावून दार मिटतो तेव्हा ओसरीवरची भांडी हलतात, म्हणून तो बाद. धाकटा फोनवर बोलत बोलत सगळं मिटतो, तोही बाद. मामांनी कुणाला न सांगता वर्षभर घरातल्या सगळ्यांचे हात पाहिले आणि निवड केली थोरल्या सुनेची. ती गोदरेजचं कपाट किल्ली फिरवून धरते, दार लावते, मग किल्ली सोडते. "हिला कुणी शिकवलं नाय हां!" मामा मला बाजूला घेऊन म्हणाले. जातिवंत गवई सापडल्यावर उस्तादाचे डोळे भरून यावेत, तसे त्यांचे भरून आले होते.

सूनबाई एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. त्यांनी अर्ज भरायला होकार दिला, पण सही करण्याआधी म्हणाल्या, "बाबा, ट्यूबलाइटसमोर कशाला धरता? मी मोजूनच सांगते." आणि पर्समधून फीलर गेज काढलं. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. मामा खुर्चीच्या टोकावर बसले. सूनबाईंनी मिटलेल्या बंदुकीच्या नळ्या आणि भिंत यांच्या फटीला आधी दहा शतांश मिलिमीटरचं पातं लावलं. जाईना. मामांनी आमच्याकडे विजयानं पाहिलं. मग पाच शतांशचं लावलं. ते अलगद आत गेलं.

ओसरीवर कुणी बोलेना. "एवढं चालतं, बाबा," सूनबाई घाईनं म्हणाल्या. "शंभर वर्षांच्या मानानं तर काहीच नाही. आमच्याकडे याला टॉलरन्स म्हणतात."

मामांनी ते पातं हातात घेतलं, उजेडात धरलं, नखानं वाजवून पाहिलं आणि परत दिलं.

"तुझं गेज झिजलंय."

पुढच्या रविवारी सूनबाईंनी कंपनीतून गेजच्या कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट आणलं, शिक्क्यासकट. मामांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मग खालच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "या साहेबानं कधी बंदूक मिटलीय का?"